डमी काडतूस कसं ओळखतात? पितळी पुंगळीवरच्या रंगामागचं कारण काय?

२१ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये 'रस्ट' सिनेमाची तालीम सुरू होती. अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. रिव्हॉल्व्हरमध्ये डमी काडतुसं असायला हवी होती. त्यांच्यात एक खरं काडतूस होतं.

दिसायला सारख्या या दोन वस्तू वेगळ्या ओळखू याव्यात, म्हणून डमी काडतुसांना रंग दिला जातो. पण तेवढं पुरतं का?

डमी आणि ब्लँक एकच का?

नाही. खऱ्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, आत दारू, बुडाला प्राइमर आणि पुढे गोळी. ब्लँकमध्ये दारू आणि प्राइमर असतात, गोळी नसते. त्यामुळे आवाज आणि ज्वाळा निघते. डमीमध्ये गोळी असते, पण दारू आणि जिवंत प्राइमर नसतो. बंदूक भरण्या-उतरवण्याच्या सरावासाठी आणि सिनेमातल्या क्लोजअपसाठी डमी वापरतात.

रंग कसा देतात?

काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. रसायनात बुडवून ते काळं करता येतं, त्यावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा देता येतो किंवा सरळ रंग लावता येतो. ब्रिटिश लष्कराच्या ७.६२ मिमी ड्रिल काडतुसांवर क्रोमचा मुलामा, उभ्या खाचा आणि त्या खाचांत लाल रंग असायचा.

रंग पुंगळीवर का, गोळीच्या टोकावर का नाही? कारण टोकावरच्या रंगाला आधीच वेगळा अर्थ आहे. अनेक सैन्यांत लाल किंवा नारिंगी टोक म्हणजे ट्रेसर, म्हणजे उडताना उजेड दिसणारी खरी गोळी.

मग फक्त रंगावर भरवसा का नको?

रंग खरवडला जातो. पितळ स्वतःहूनही काळवंडतं. वसई पूर्वेच्या सातिवलीसारख्या औद्योगिक पट्ट्यात, खाडीजवळच्या दमट हवेत, उघडं पडलेलं पितळ एका पावसाळ्यात तपकिरी होतं. म्हणजे काळपट पुंगळी डमीच असेल असं नाही.

बुडावरचा ठसाही पुरेसा नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या (स्थापना १८६९) काडतुसांवर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं दिसायची. त्यावरून कारखाना कळतो, काडतूस जिवंत आहे का ते कळत नाही. प्राइमरवर खळगा दिसला तरी खात्री नाही. न उडालेल्या खऱ्या काडतुसावरही तसाच खळगा पडतो.

म्हणून चांगल्या डमीला रंगासोबत आणखी खुणा असतात: पुंगळीला आरपार भोक, बोटांना लागणाऱ्या खाचा, प्राइमरची रिकामी जागा. सिनेमाच्या काही डमींमध्ये छर्रा असतो, हलवलं की तो खुळखुळतो. 'रस्ट'मध्येही हलवून बघणं हीच एक तपासणी होती.

घरी डमी बनवली तर?

१९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी तयार केल्या, पण प्राइमर तसाच राहिला. त्याच्या धक्क्याने गोळी नळीत अडकली. नंतर त्याच बंदुकीतून ब्लँक झाडलं आणि अभिनेता ब्रँडन ली याचा जीव गेला.

रंग देण्याच्या पद्धतीतही धोका आहे. अमोनियाच्या वाफेने पितळाला रंग चढतो, पण ताण असलेल्या पितळाला त्यानेच भेगा पडतात. हा धडा भारतातूनच मिळाला. ब्रिटिश काळात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात फुटायच्या. कारण होतं घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. १९२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ते सविस्तर मांडलं.

काडतूस सापडलं तर काय कराल?

रंगीत असो वा काळं, ते खरंच आहे असं समजा. हात लावू नका, हलवून बघू नका, रीलसाठी उचलू नका. ११२ वर फोन करा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं गुन्हा आहे. शिवाय डमी आणि खऱ्यातला फरक फोटोवरून ओळखता येईलच असं नाही.