मत कसे मांडावे : मराठी निबंधाच्या नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. शके 1530 मध्ये, म्हणजे 1608 साली, चैत्र शुद्ध नवमीला इथल्या सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. पुढे तो समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. रामनवमीला इथे येणारे भाविक रामाच्या दर्शनाला येतात. मराठी निबंधाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांनाही मी याच गावापासून निघायला सांगतो, आणि त्याला कारण आहे.

निबंधाचा इतिहास आपण सहसा जानेवारी 1874 पासून सांगतो. त्या महिन्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघू लागली. विष्णुशास्त्र्यांपुढे जॉन्सन आणि मेकॉले होते. त्यांच्याही मागे 1580 मध्ये आपले निबंध छापणारा फ्रेंच मोंतेन आणि 1597 चा इंग्रज बेकन आहे. ही वंशावळ खरीच आहे, पण पुरती नाही. एक विषय घ्यायचा, त्याला नाव द्यायचे, ठरावीक मर्यादेत त्याची चहूबाजूंनी पाहणी करायची आणि शेवटी निवाडा द्यायचा, ही सवय मराठीला समर्थांच्या ‘दासबोधा’ने आधीच लावली होती. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, आणि प्रत्येक समासाला स्वतःचे नाव. अर्थात समास ओवीत आहे, त्याचा रोख परमार्थाकडे आहे, आणि मोंतेनसारखा लेखक तिथे स्वतःचे मन उघडून दाखवत नाही. म्हणून समासाला निबंध म्हणू नये. निबंधाचे आजोळ म्हणावे.

या आजोळाहून आपण काय घ्यायचे? माझे उत्तर एकच आहे : प्रचीती. समर्थ पुन्हापुन्हा बजावतात की स्वतः पारखून न घेतलेले बोलणे व्यर्थ आहे. निबंधकाराला कशावरही मत देण्याची मोकळीक असते. ती मोकळीक टिकते ती मतामागे प्रत्यक्ष पाहणी असेल तोवरच. साहित्य, निसर्ग, खेळ आणि रोजचे जगणे या चारही प्रांतांत हीच कसोटी लावून पाहू.

पहिला प्रांत साहित्याचा. चौदाव्या दशकातल्या कवित्वकलेच्या समासात समर्थ कवितेचे प्रकार वेगळे काढतात : मनाला येईल ते धिटाईने रचलेले कवित्व, इतरांचे ग्रंथ वाचून त्यांच्यासारखे उतरवलेले कवित्व, आणि प्रासादिक कवित्व. यातले पहिले दोन आजच्या कोणत्याही परीक्षकाच्या टेबलावर सापडतील. एकोणिसाव्या दशकाचा आरंभ तर थेट लेखनक्रियेने होतो. अक्षर वाटोळे आणि सरळ असावे, ओळी सारख्या असाव्यात. कागदाच्या चारी कडांना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहील. इतका बारकावा हातात लेखणी धरलेल्या माणसालाच सुचतो. अशा पाहणीची आधुनिक बाजू बघायची असेल तर मराठवाड्याच्याच नरहर कुरुंदकरांकडे जावे. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ वाचताना दिसते की कुरुंदकर विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडतात आणि मगच तिला उत्तर देतात.

दुसरा प्रांत निसर्गाचा. सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा यांना एकेक समास दिला आहे. पाणी ज्याच्या संगतीत जाते त्याचा गुण घेते, हे तिथले निरीक्षण गोदाकाठच्या काळ्या रानात कापूस, ऊस आणि मोसंबी एकाच पाण्यावर वाढताना पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. समर्थांचे ‘बागप्रकरण’ म्हणजे झाडावेलींच्या नावांची लांबलचक यादी. अभ्यासकाने ती कंटाळून ओलांडू नये, कारण निसर्गावर लिहिणाऱ्याची पहिली पात्रता नावे ठाऊक असणे ही आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची (1956) ताकद तिथेच आहे. महिन्यामागून महिना घेत त्या कोणते झाड कधी फुलते, त्याची पालवी कोणत्या रंगाची असते ते सांगतात, आणि त्यांचा आनंद या तपशिलातून आपसूक उमटतो. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत जंगल पायाखाली घातले, म्हणून त्यांच्या पानांवर प्राणी-पक्षी आपापल्या नावांनिशी येतात.

तिसरा प्रांत खेळाचा, आणि इथे मराठी निबंधाची बाकी मोठी आहे. समर्थांनी मारुती स्थापले, आणि मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे चित्र महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले. समर्थांच्या प्रसिद्ध अकरा मारुतींपैकी उंब्रज, मसूर आणि शहापूर ही ठिकाणे कराड परिसरात आहेत. त्याच परिसरातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खो-खोचे नियम पुण्यात बांधले गेले. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून खेळाच्या पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. एवढी सामग्री असूनही ऋतूंवर जसे ‘ऋतुचक्र’ आहे तसे मातीतल्या कुस्तीवर पुस्तक आपल्याकडे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जत्रेच्या फडात पंच कुस्ती कशी सोडवतो, वस्ताद नव्या पोराला पहिला डाव कोणता शिकवतो, हे तालमीत बसून पाहणाऱ्या लेखकाची ही जागा रिकामी आहे.

चौथा प्रांत रोजच्या जगण्याचा. दुसऱ्या दशकातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा आहे, दुखणे असून औषध न घेणारा आहे, महापुरात उडी टाकणारा आहे. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख येतो : सारे वाचलेला, दुसऱ्याला शिकवणारा आणि स्वतः तसे न वागणारा. माणसाच्या वागण्याकडे बघण्याची ही नजर पुढे आगरकरांकडे समाजसुधारणेचे हत्यार झाली. 1888 मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारका’त त्यांनी स्त्रियांच्या पोशाखावरही युक्तिवाद केला, कारण अन्याय रोजच्या कपड्यालत्त्यातही शिरलेला असतो हे ते जाणत होते. इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’त घर, नाती आणि बाईची समाजातली ओळख यांवर लिहिताना संशोधकाची शिस्त आणि आईचे मन सोबत ठेवले.

नव्या अभ्यासकाने वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. लेखकाने हे स्वतः पाहिले आहे का? विरुद्ध बाजू त्याने ऐकून घेतली आहे का? आणि निवाडा दिल्यावर तो त्याची जबाबदारी घेतो का? फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’पासून आजच्या रविवारच्या पुरवणीपर्यंत हे प्रश्न लावून पाहा. गोड भाषेचे अनेक लेख पहिल्याच प्रश्नाला अडतील, आणि काही ओबडधोबड लेख तिन्ही ओलांडून जातील. दुसऱ्या जातीचे लेख जपून ठेवा.

या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत आहे. आधी ‘दासबोधा’तला लेखनक्रियेचा समास, मग ‘ऋतुचक्रा’तला चालू महिना आणि कुरुंदकरांचा एखादा लेख वाचा. नंतर आपल्या गावातला एक विषय घ्या : विहीर, बाजार, आखाडा, शाळेचे ग्रंथालय, काहीही. तो पुरता पाहा, जाणत्यांना विचारा, आणि तुमचे मत सहीनिशी लिहा. मराठी निबंधाला आज अशा लिहिणाऱ्यांची गरज आहे.