हनुका: तेलाची कथा आणि तलवारीचा इतिहास

यहुदी पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ व्या तिथीपासून आठ रात्री यहुदी घरांत दिवे लागतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवीत आठव्या रात्री आठ. शम्माई या आचार्याच्या पंथाचे म्हणणे याच्या उलट, आठांवरून एकावर उतरत यावे असे होते; परंतु पवित्र कार्यात चढावे, उतरू नये, हे हिल्लेलच्या शिष्यांचे मत रूढ झाले. या दिव्यांच्या उजेडात वाचावयाचे नाही की काम करावयाचे नाही. ते केवळ पाहावयाचे. म्हणून शेजारी ‘शमाश’, म्हणजे सेवक, या नावाचा नववा दिवा ठेवतात.

घरोघर सांगतात ती कथा सर्वश्रुत आहे. जेरुसलेमचे विटाळलेले मंदिर शुद्ध केले तेव्हा प्रधान पुरोहिताची मुद्रा असलेली तेलाची एकच कुपी सापडली, आणि एका दिवसाचे ते तेल आठ दिवस पुरले. कथा गोड खरी. पण घटनेच्या जवळच्या साधनांत ती नाही! सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने इ. स. पूर्व १६७ मध्ये शब्बाथ व सुंता यांवर बंदी घातली. यहुदा मक्काबी व त्याचे भाऊ यांनी बंड केले आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर परत मिळविले. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात लढाया आहेत, वेदीची पुनःप्रतिष्ठा आहे, कुपी नाही. दुसरा ग्रंथ आठ दिवसांचे कारण निराळेच देतो: डोंगरात लपल्यामुळे राहून गेलेला मांडवांचा सण तेव्हा साजरा केला म्हणे.

कुपीची कथा येते ती कित्येक शतकांनंतरच्या ताल्मुदात. असे का व्हावे? मक्काबींचे वंशज राजे झाले व प्रधान पुरोहितही झाले. धर्मसक्तीविरुद्ध उठलेल्या या घराण्यातील योहान हिर्कानसने शेजारच्या इदुमियातील लोकांवर स्वतःच सुंतेची सक्ती केली. पुढे भाऊबंदकी माजली, आणि इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी जेरुसलेमात शिरला. इ. स. ७० मध्ये मंदिर गेले. १३५ मध्ये बार कोखबाचे बंडही चिरडले गेले. रोमन सत्तेखाली राहणाऱ्या पंडितांना तलवारीची थोरवी गाणे परवडणारे नव्हते, आणि माझ्या मते त्यांना ते फारसे रुचतही नसावे. दिवा दाराबाहेर ठेवावा, पण संकटकाळी घरातल्या मेजावर ठेवला तरी चालेल, हा त्यांचाच नियम त्यांची परिस्थिती सांगतो.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा हा सण मात्र त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. यावरून त्यांचे पूर्वज मक्काबींच्या आधीच मायदेश सोडून निघाले असावेत, असे अनुमान कित्येकांनी केले आहे. ते मोहक आहे, पण मला पुरेसे वाटत नाही. शतकानुशतके ग्रंथांवाचून राहिलेला समाज पुष्कळ गोष्टी विसरतो. आणि ज्या सणाची कथा खुद्द मायदेशातच इतकी बदलली, त्याच्या अभावावरून सनावळी ठरविणे धाडसाचेच होय.