टॉर्च मारली की घट्ट: एका पारदर्शक थराची कुळकथा

मरळ ही दातांची मासोळी. तलावाच्या काठाला, शेवाळाच्या आडोशाला ती दबा धरून बसते आणि डोक्यावरून बेडूक जावो की रंगवलेला लाकडाचा तुकडा, आधी झडप घालते. पूर्व विदर्भ तर तलावांचाच मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव भंडारा-गोंदियाकडे गावोगाव आहेत आणि नागपूरकरांना रामटेकजवळची खिंडसी फारशी लांब नाही. गळाला गांडूळ लावून बसणाऱ्यांची इथे कधीच वानवा नव्हती. आता हौशी गळवाल्यांमध्ये घरच्या घरी ल्यूर, म्हणजे नकली मासा, कोरणारेही निघाले आहेत.

मासा कोरणे, त्यावर खवले आणि डोळे रंगवणे हा मजेचा भाग. कस लागतो तो सगळ्यात वरच्या पारदर्शक थराचा. मरळीच्या दातांनी तो ओरखडू नये, दगडावर आपटून त्याचा टवका उडू नये, आणि मुख्य म्हणजे त्यातून लाकडात पाणी जाऊ नये. पाणी शिरले की लाकूड फुगते, रंग सुटतो आणि ल्यूर एका अंगावर कलंडून पोहू लागतो.

या थरासाठी आज बरेच जण यूव्ही रेझिन वापरतात. काळ्या बाटलीतला घट्टसर द्रव ब्रशने लावायचा, सगळीकडे सारखा पसरू द्यायचा आणि अतिनील किरणांची छोटी टॉर्च मारायची. मिनिटा-दोन मिनिटांत काचेसारखा कडक थर तयार. वॉर्निश असो की ऑइलपेंट, बाकीचे थर आपल्या सवडीने वाळतात आणि माणसाला त्यांच्यासाठी ताटकळावे लागते. इथे उलटे आहे. द्रव माणसासाठी थांबतो. काम मनासारखे झाले, बुडबुडे फुटले, ओघळ पुसला, की मग उजेड द्यायचा. असा हुकमी वाळणारा थर गळवाल्यांनी शोधला नाही, आणि तो शोधला गेला तेव्हा मासे कोणाच्या मनातही नव्हते. त्याचे कूळ छापखान्यात, सुतारकामात आणि दातांच्या दवाखान्यात सापडते.

या घराण्यातली सगळ्यात जुनी राळ आपल्याच रानातली. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, पातळ पापुद्रे काढले की झाली चपडा लाख. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलात लाख आजही गोळा होते. स्पिरिटमध्ये विरघळवलेली ही लाख फर्निचरवर चढली की तिला आपण पॉलिश म्हणतो. सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी खेळण्यांना तिनेच चकाकी दिली. स्पिरिट उडून गेले की लाख मागे उरते आणि थर बसतो. पण ओलाव्यापुढे तिचे फार चालत नाही. पाण्यात राहिली की ती पांढुरकी पडते. खेळण्याला ती शोभते, दिवसभर भिजणाऱ्या ल्यूरवर एकटी पुरत नाही. तेलाच्या वॉर्निशचे दुखणे वेगळे. ते हवेतला प्राणवायू घेत घेत कडक होते, त्यामुळे त्याला वेळ लागतो. तान्हा पोळा ऐन पावसाळ्यात येतो, आणि त्या दमट दिवसांत लाकडी बैलावरचे वॉर्निश बोटाला किती वेळ चिकटत राहते हे नागपुरात वेगळे सांगायला नको.

नकली मासा विकणाऱ्यांनाही हीच अडचण होती. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला ल्यूर घडवला, त्याची हकिगत त्याच्या नावाची कंपनी आजही सांगते. बुचाचे लाकूड चांभारी सुरीने कोरले, सँडपेपरने घासले, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी वरून गुंडाळली आणि पाण्यापासून बचाव म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. हाताशी असेल ते घ्यायचे, हा गरिबीतला शहाणपणा. पुढच्या काळात घरगुती ल्यूरकारांनी दोन भागांचे इपॉक्सी धरले. राळ आणि हार्डनर समप्रमाणात कालवले की घड्याळ सुरू होते. काम झालेले असो की नसो, वाटीतले मिश्रण घट्ट होत जाते. उलट ल्यूरवरचा थर मात्र तासन्‌तास ओला राहून खाली ओघळतो. म्हणून हौशी लोकांनी छोट्या मोटरवर ल्यूर टांगून रात्रभर गोल फिरवत ठेवण्याची युक्ती काढली. वाटीत घाई आणि ल्यूरवर दिरंगाई, असा इपॉक्सीचा दुहेरी त्रास.

उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रवाची गोष्ट याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. फ्रान्समधल्या निसेफोर न्येप्सने १८२० च्या दशकात डांबराचा एक प्रकार लव्हेंडरच्या तेलात विरघळवून धातूच्या पत्र्यावर पसरला. जिथे ऊन पडले तिथे डांबर कडक झाले, सावलीतले तेवढे तेलाने धुऊन गेले, आणि पत्र्यावर खिडकीबाहेरच्या घरांचे चित्र उरले. जगातले टिकून राहिलेले सगळ्यात जुने छायाचित्र म्हणतात ते हेच. ते आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. न्येप्सला चित्र हवे होते. मिळाले त्याहून मोठे काही: कुठे घट्ट व्हायचे आणि कुठे नाही, हे उजेडाकडून ठरवून घेता येते.

छापखान्यांनी हे तत्त्व पुढे उचलले. जिलेटिनमध्ये क्रोमियमचे क्षार मिसळले तर तेही उजेडाने कडक होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कळले आणि त्यातून नकाशे छापण्याची फोटोझिंकोग्राफी निघाली. पुण्याचा सरकारी फोटोझिंको छापखाना त्याच तंत्राचे नाव आजवर मिरवतो. नागपुरात हे तत्त्व बघायचे तर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जावे. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर तो अंधाऱ्या खोलीत इमल्शन ओढतो, वाळवतो, वर अक्षरांची फिल्म आणि काच ठेवतो आणि चौकट उन्हात किंवा दिव्याखाली धरतो. उजेड लागला तिथले इमल्शन पक्के होते. काळ्या अक्षरांच्या सावलीतले पाण्याच्या फवाऱ्याने निघून जाते आणि जाळीवर वधू-वरांची नावे मोकळी होतात. जास्त वेळ धरले तर अक्षरे बुजतात, कमी धरले तर सगळेच धुऊन जाते. नागपूरच्या मे महिन्यात हा हिशेब फारच काटेकोर ठेवावा लागतो.

पण जाळीवरचा पातळ पडदा वेगळा आणि टेबलावरचा जाड, कडक थर वेगळा. तिथवर पोचायला रंगाच्या उद्योगाला दोन गोष्टींनी ढकलले. रंगातला पातळ करणारा द्रव, म्हणजे थिनर, वाळताना सगळा हवेत जातो. लॉस एंजेलिसने १९६६ मध्ये अशा वाफांवर बंधने घातली, अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा १९७० मध्ये आला, आणि १९७३ च्या तेलसंकटाने भट्टीत रंग भाजणे महाग केले. थिनर नको, भट्टीही नको, तर मग वाळवायचे कशाने? उत्तर जर्मनीत लाकूडकामासाठी आधीच तयार होत होते: अतिनील दिव्याखाली कडक होणारे पॉलिएस्टर. आज मॉड्युलर किचनच्या दारांवर जी गुळगुळीत चकाकी दिसते ती याच घराण्यातली. नागपूरच्या अमरावती रोडवर १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अशा लेपांचे शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जाते.

यातली रसायनाची करामत एका घटकावर उभी आहे. त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. ठरावीक तरंगलांबीची किरणे, हल्लीच्या बाटल्यांत बहुधा ३६५ ते ४०५ नॅनोमीटर, लागली की तो तुटतो आणि त्याचे तापट तुकडे शेजारच्या ॲक्रिलेटच्या रेणूंना साखळीत ओढतात. साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रव घन होतो. काहीच उडून जात नाही, म्हणून लावलेला जवळजवळ सगळा थर जागेवर राहतो. चार्ल्स हल हा अमेरिकन अभियंता अतिनील दिवे करणाऱ्या कंपनीत होता. टेबलांवर एक थर पक्का करता येतो, तर थरावर थर चढवून अख्खी वस्तूच का करू नये, हे त्याच्या डोक्यात आले, आणि १९८६ मध्ये त्याला थ्री-डी प्रिंटिंगचे पेटंट मिळाले. त्याआधी जपानमध्ये नागोयाच्या हिदेओ कोदामानेही हाच मार्ग दाखवला होता.

ल्यूरच्या दृष्टीने जवळचे नाते मात्र दातांशी. दात भरायला इपॉक्सी वापरून पाहणाऱ्या रफाएल बोवेनला नडली ती त्याची मंदगती. पेशंट तोंड उघडे ठेवून किती वेळ बसणार? त्याने इपॉक्सीचा कणा ठेवला, टोकांना झटपट जुळणारे मेथॅक्रिलेट बसवले आणि १९६२ मध्ये पेटंट घेतले. दाताला ते घट्ट धरावे म्हणून आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करण्याची युक्ती मायकेल बुओनोकोरेने १९५५ मध्येच दाखवली होती. १९७० च्या सुमारास त्यानेच अतिनील दिव्याने दातांवरचा थर पक्का करून दाखवला. पुढे अतिनीलऐवजी निळा दिवा आला, कारण तो जास्त खोल जातो आणि कमी अपाय करतो. आज शासकीय दंत महाविद्यालयापासून गल्लीतल्या क्लिनिकपर्यंत नागपुरात सगळीकडे हाच निळा दिवा दिसतो. ओल्या जागेत, रोजच्या चावण्यात टिकणारी वस्तू माणसाच्या तोंडासाठी घडली. मरळीच्या तोंडात ती टिकली याचे मग नवल का वाटावे?

तरीही अतिनील किरणे देणारे पाऱ्याचे दिवे तापणारे, मोठे आणि महाग होते. गळवाल्याच्या खिशात टॉर्च आली ती एलईडीमुळे. जपानच्या शुजी नाकामुराने १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी दाखवला. या कामासाठी त्याला अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच पदार्थांच्या कुटुंबातून स्वस्त अतिनील एलईडी निघाले. सीताबर्डीला मोबाइलवर यूव्ही काच बसवणारा पोरगा आणि नखे वाढवून देणारे पार्लर यांच्याकडचे दिवे ही त्यांचीच बाळे. पिसे आणि दोऱ्याची नकली माशी बांधणाऱ्या परदेशी गळवाल्यांनी आधी तिच्या डोक्यावर हे रेझिन लावले, मग लाकडी ल्यूरवाल्यांनी ते उचलले.

वापरताना या कुळाच्या खोडी लक्षात ठेवाव्यात. हवेतला प्राणवायू ॲक्रिलेटची साखळी मध्येच तोडतो, म्हणून वरचा पापुद्रा कधी चिकट राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. जाड थर एकदम न देता पातळ-पातळ द्यावेत. गडद रंग किरणे अडवतो, म्हणून रंग खाली आणि रेझिन वर. नागपुरात गच्चीवर उन्हात बाटली उघडण्याची चूक तर करूच नये, ब्रश बाटलीतच अडकेल. लाकडाच्या छिद्रांतली हवा वर येऊन बुडबुडे होतात, त्यांना रोखायला रंगाआधी लाकडाला चपडा लाखेचा पातळ हात द्यावा. ल्यूरच्या पायाशी म्हातारी राळ अजून उपयोगी पडते ती अशी.

आणि शेवटची खोड घातक आहे. घट्ट न झालेले ॲक्रिलेट कातडीला लागत राहिले तर कायमची ॲलर्जी जडू शकते. नखांच्या पार्लरमधल्या कामगारांना आणि दंतवैद्यांना हे चांगले ठाऊक आहे. टीपीओ नावाचा एक फोटोइनिशिएटर युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या जेलमधून हद्दपार केला. ल्यूरच्या बाटलीवर असा पहारा बहुधा नसतो. दंतवैद्याकडून गळवाल्याने रेझिन घेतले, दिवा घेतला. त्याचे हातमोजेही घ्यावेत.