हे चित्र कुठलं, कधीचं?

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा भंडाऱ्यातला कोणीच विसरणार नाही. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलेलं, त्यात पावसाने धरलेला जोर. वैनगंगा पाहता पाहता फुगली आणि २९ तारखेपासून शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरू लागलं. त्या रात्री वीज नव्हती. मी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुलांनी (आता पन्नाशीची झाली, पण माझ्यासाठी मुलंच) मोठ्या प्रेमाने मला त्याचा ॲडमिन केलं आहे. हा ॲडमिन नेमकं काय करतो, हे तोपर्यंत मी कधी कोणाला विचारलंही नव्हतं.

रात्री दहाच्या सुमारास एका नातेवाईकाकडून व्हिडिओ आला. लोंढ्याच्या धडकेने एक पूल मधोमध तुटून वाहून जातो आहे. खाली लिहिलेलं, 'कारध्याचा पूल गेला. सर्वांना कळवा.' मी कळवलं. ग्रुपवर टाकला, आणखी तिघांना पाठवला. तासाभराने कळलं की आमच्यातला एक विद्यार्थी तो पाहून मोटारसायकल घेऊन भर पावसात निघाला. त्याची आई नदीपलीकडे एकटी होती. आईचा फोन लागत नव्हता. वाटेत पोलिसांनी अडवून परत पाठवलं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

मध्यरात्री एका विद्यार्थिनीचा निरोप आला, "सर, हा व्हिडिओ कधीचा आहे जी? यातल्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मराठी नाहीत."

मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हती. पूल आमचा नव्हता, नदी आमची नव्हती, पूरही त्या वर्षीचा नसावा.

मंडळी, मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहासाची साधनं कोणती, त्यांची चिकित्सा कशी करावी, हे दर वर्षी फळ्यावर लिहून दिलं. कागद समोर आला की आधी विचारा, हा कोणी लिहिला, कधी लिहिला, कुठे मिळाला. त्याच मुलीने माझाच धडा मला म्हणून दाखवला होता. तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली.

त्या रात्री मला पवनी आठवली.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली ते काम चाललं होतं. मी तेव्हा बी. ए. ला होतो. आम्ही चार मित्र एस.टी. ने ते पाहायला गेलो. आम्हाला वाटलं होतं सोन्याची नाणी निघत असतील. प्रत्यक्षात लोक ब्रशने माती झाडत होते. मला गंमत वाटली ती फोटो काढण्याच्या पद्धतीची. एका विटांच्या बांधकामाचा फोटो काढायचा होता, तर आधी त्याच्या शेजारी काळे-पांढरे पट्टे असलेली काठी उभी केली, मग खड्ड्याचा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवली. आमच्यातल्या एकाने विचारलं, "एवढी कशाला उठाठेव?" तिथले एक गृहस्थ म्हणाले, "बाळ, उद्या हा खड्डा बुजेल. मग हा फोटो कुठला, आणि ही वीट केवढी, हे कोण सांगणार?"

त्याच पवनीला पाच फण्यांच्या नागाचं शिल्प मिळालं. बोधिवृक्षाखाली बुद्धावर पावसात फणा धरणारा तो मुचलिंद नाग. हे आपण नुसत्या अंदाजाने म्हणत नाही. शिल्पकाराने तिथेच ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव कोरून ठेवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला कळत होतं की चित्राला नाव लागतं. पाहणारा बदलतो, गाव बदलतं, धर्मही बदलतो, नावाची ओळ मात्र राहिली तर चित्र अनाथ होत नाही. उत्खननाचा अहवाल १९७२ साली निघाला, आणि आजही अभ्यासक तो उघडून कुठली वस्तू कुठल्या थरातली हे सांगू शकतात.

आमच्या गावाकडच्या फोटो स्टुडिओतही साध्या रीतीने हेच चाले. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, तारीख, निगेटिव्हचा क्रमांक. शाळेचा ग्रुप फोटो निघाला की मागे शिक्षकाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं असे, 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून...' ते काम बहुधा माझ्याकडे येई. माझ्या पत्र्याच्या पेटीत असे फोटो आहेत. ज्यांच्या मागे नावं आहेत त्यांतले चेहरे आजही बोलतात. ज्यांच्या मागे लिहायचं राहून गेलं त्यांतली अर्धी मुलं मला ओळखू येत नाहीत. माझीच मुलं!

मग संगणक आला, आणि फोटोची पाठच नाहीशी झाली.

ऑर्कुट आठवतं का? जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं आणि बघता बघता आपल्याकडच्या तरुण मुलांनी डोक्यावर घेतलं. शहराच्या नावाच्या, शाळेच्या नावाच्या, गडकिल्ल्यांच्या नावाच्या 'कम्युनिटी' निघाल्या. लोकांनी तिथे घरचे अल्बम उघडले. पण जिथे कोणीही काहीही टाकू शकतो आणि टाकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, तिथे चावडीवरची शिस्त कोण राखणार? २००६-०७ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर आणि चित्रं टाकल्यावरून महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. ते चित्र त्याच्या इंटरनेट जोडणीवरून टाकलं गेलं अशी माहिती मिळाली होती. ती माहितीच चुकीची निघाली. तोवर निरपराध माणसाचे ५० दिवस तुरुंगात गेले होते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात जुनाच प्रश्न दिसतो. चित्र कोणाचं, हे ठरवणारा पुरावा किती पक्का? ताम्रपटावरची एक तिथी चुकली तर राजाचा काळ दहा वर्षं इकडचा तिकडे होतो. राजा बिचारा तक्रार करत नाही. इथे आकडा चुकला आणि जिवंत माणूस कोठडीत गेला.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षांची मुदत होती. किती जणांनी घेतले असतील? माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या आजीचे फोटो तिथेच ठेवले होते, दुसरी प्रत नव्हती. आजी गेली, मग फोटोही गेले. सार्वजनिक गोदामात ठेवलेली वस्तू आपलीच राहील असं आपण धरून चालतो, पण किल्ली गोदामवाल्याकडे असते.

यानंतरचं लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे उतरले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला असेल. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानात, कराचीत तयार झालेला. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारा, नटांकडून करवून घेतलेला. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा संदेश दिसतो. कोणीतरी तो शेवट कापला. बस, एवढंच केलं. जे चित्र मुलांना वाचवायला काढलं होतं, त्याने माणसं मारण्याइतकी भीती पसरवली. चित्र खोटं नव्हतं हो, त्याची पाठ फाडली होती.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनी जागी झाली. त्याच जुलै महिन्यात पुढे ढकललेल्या निरोपावर तसा शिक्का दिसू लागला, आणि भारतात एकाच वेळी पाचांहून जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर बंधन आलं. २०१९ च्या जानेवारीत हे बंधन जगभर लागू झालं. चांगलं झालं. पण शिक्का एवढंच सांगतो की हे दुसऱ्याकडून आलं आहे. कुठून आलं आणि कधीचं आहे, हे तो सांगत नाही. ते विचारणं आपल्याकडेच राहतं.

आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? याचं एक उत्तर आपल्या शेजारच्याच मातीतून आलं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत आपल्या भंडाऱ्यातच होता. तिथल्या अर्जुनी मोरगावला २०१६ साली एका ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा नोंदला गेला. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिलेबद्दल अभद्र मजकूर लिहिला आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायलाही लावलं नाही, अशी तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सदस्याला घेणं आणि काढणं एवढाच अधिकार ॲडमिनकडे असतो. मजकूर येण्याआधी तो तपासणं त्याच्या हातात नाही. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असल्याशिवाय दुसऱ्याच्या कृत्यासाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही.

निकाल वाचून माझ्यातल्या ॲडमिनला हायसं वाटलं, हे कबूल करतो. पण माझ्यातल्या शिक्षकाला वाटलं नाही. त्या पुराच्या रात्री कायद्याने मला कोणी काही म्हटलं नसतं. तरी तो मुलगा निघाला होता तो माझ्या नावावर विसंबून. 'सरांनी टाकलं आहे म्हणजे खरंच असणार,' असं तो नंतर मला म्हणाला. आणखी एक गंमत पाहा. २०२२ मध्ये कंपनीने ॲडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय दिली. चित्र येण्याआधी ते अडवता येत नाही हे अजूनही खरं आहे, पण आलेलं चित्र तसंच पडू देणं हे आता हतबलतेचं कारण सांगून चालत नाही.

म्हणून आम्ही ग्रुपमध्ये बसून (म्हणजे खरंच माझ्या ओसरीवर बसून, चहा घेत) काही गोष्टी ठरवल्या. फोटो किंवा व्हिडिओ टाकणाऱ्याने खाली तीन गोष्टी लिहायच्या, कुठला, कधीचा, कोणी काढलेला. माहीत नसेल तर टाकायचा नाही. आपत्तीचा व्हिडिओ स्वतः काढलेला असेल तरच. दुसऱ्याच्या लेकराचा, आजाऱ्याचा, मृताचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. आणि जुने फोटो एका मुलाच्या संगणकावर वर्षवार, नावांसह उतरवून ठेवायचे, दुसरी प्रत माझ्या कपाटात. हे आम्ही काही नवीन शोधलं नाही. ज्या विकिमीडिया कॉमन्सवर जगभरची माणसं २००४ पासून चित्रं जमा करतात, तिथेही चित्र कोणी काढलं, कुठून घेतलं आणि वापरायची परवानगी काय, हे सांगितल्याशिवाय ते टिकत नाही. परकी कल्पना वाटेल, पण आहे ती पवनीच्या काठीचीच.

पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. "सर, शाळा सुटली तरी गृहपाठ सुटला नाही," असं एकाने लिहिलं. नंतर एका विद्यार्थिनीने स्नेहसंमेलनातला तिचा नाटकातला फोटो काढून टाकायला सांगितलं. का, ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. फोटो सुंदर होता, माझ्याच पेटीतला होता. दोन मिनिटांत काढला. चित्र जपणं जसं सांभाळण्यात येतं, तसं ते काढून ठेवणंही सांभाळण्यातच येतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

आता तर न घडलेल्या प्रसंगाचं चित्रही यंत्र क्षणात तयार करतं. त्यात दुकानाच्या पाटीवर शुद्ध मराठी अक्षरं असतील, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची ती खूणही चालणार नाही. मग आपल्याजवळ उरतो तो एकच जुना प्रश्न. तो विचारायला लाजू नका, समोर तुमचे सर असले तरी.

तो कारध्याकडे निघालेला मुलगा गेल्या दिवाळीत आईला घेऊन घरी आला होता. मी दोघांचा फोटो काढला, छापून घेतला आणि मागे लिहिलं, 'भंडारा, दिवाळी. खुर्चीवर बसलेली, डावीकडून पहिली, आई.'