बेकेतोवांचे घर आणि अलेक्सांद्र ब्लोक

अलेक्सांद्र ब्लोकविषयी लिहिताना समीक्षक बहुधा प्रतीकवाद आणि सोलोव्यॉवचे तत्त्वज्ञान यांपासून प्रारंभ करतात. तो ज्या घरात वाढला, त्या घराची दखल मात्र चरित्राच्या पहिल्या प्रकरणापुरती घेतली जाते. क्रांतीविषयीची ब्लोकची भूमिका समजून घ्यायची तर हे पुरेसे नाही.

ब्लोकचा जन्म १८८० मध्ये पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या रेक्टरच्या निवासस्थानी झाला. रेक्टर होते त्याचे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेई बेकेतोव. आईने त्याच्या जन्मापूर्वीच नवऱ्याचे घर सोडले होते. कायद्याचे प्राध्यापक असलेले वडील दूर वॉर्सात राहिले. मूल वाढले ते आजी, आई आणि मावश्यांच्या हाती. या साऱ्याजणी लिहिणाऱ्या होत्या. आजीने डिकन्स, थॅकरे, बाल्झाक यांची रशियन भाषांतरे केली होती, आणि गोगोल, दस्तयेवस्की, टॉलस्टॉय यांना ती प्रत्यक्ष ओळखत होती. आई फ्रेंचमधून भाषांतरे करी. येकातेरिना मावशी कथा-कविता लिही. चौदाव्या वर्षी ब्लोकने मावसभावांसह ‘वेस्तनिक’ नावाचे हस्तलिखित मासिक सुरू केले. प्रत एकच निघे, आणि तिच्यात आजीही लिहीत असे.

अशा घराचा एक तोटाही असतो. १९१५च्या आत्मवृत्तात ब्लोक सांगतो की, विद्यापीठात जाईपर्यंत तथाकथित ‘नव्या कविते’ची एक ओळही त्याला ठाऊक नव्हती. व्हर्लेनची भाषांतरे करणाऱ्या आईच्या मुलाने हे लिहावे! त्या घरात साहित्य ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाची ठेव होती.

याच आत्मवृत्तात आजोबांचा एक किस्सा आहे. कुटुंबाची शाखमातोवो येथे छोटी जमीनदारी होती. ती १८७४ मध्ये स्नेही मेंडेलेयेवच्या सल्ल्याने घेतलेली. (याच मेंडेलेयेवची मुलगी पुढे ब्लोकची पत्नी झाली.) एकदा एक शेतकरी खांद्यावर बर्चचे झाड घेऊन जंगलातून येताना आजोबांना दिसला. तू दमला असशील, मी हात लावतो, असे ते त्याला म्हणाले. झाड आपल्याच रानातून तोडलेले आहे, हे त्यांच्या मनातही आले नाही. दुसऱ्या एका शेतकऱ्याशी तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून फ्रेंचमध्ये बोलणे सुरू केले आणि संभाषण तिथेच संपले. ब्लोक हे हसत सांगतो; पण उदारमतवादी शिक्षितवर्ग आणि शेतकरी यांच्यातले सारे अंतर त्या हसण्यात आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये हाती घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या ‘प्रतिफळ’ या दीर्घकाव्यात त्याने हेच घर ममतेने आणि किंचित उपरोधाने रंगवले आहे.

१९१७च्या अखेरीस शाखमातोवो लुटले गेले. जानेवारी १९१८ मध्ये ब्लोकने ‘बारा’ लिहिले आणि ‘शिक्षितवर्ग आणि क्रांती’ हा लेखही. शेतकरी आमच्या जिव्हाळ्याच्या वाड्यांची नासधूस का करतात, या प्रश्नाला त्याचे उत्तर थेट आहे: तिथे मुलींवर बलात्कार झाले, माणसांना चाबकाने फोडले गेले, या मालकाकडे नसेल तर शेजारच्या मालकाकडे. मला या लेखातला शेजाऱ्याचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बर्च उचलू लागणाऱ्या आजोबांचा नातू, आपल्या घराचा निर्दोषपणा ठाऊक असूनही, तो बचाव म्हणून पुढे करत नाही.

म्हणून त्याला दुःख झाले नाही असे मात्र नव्हे. ब्लोकच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात मायकोव्हस्कीने एक आठवण सांगितली आहे. क्रांतीच्या पहिल्या दिवसांत हिवाळी प्रासादासमोर शेकोटीपाशी ब्लोक भेटला. जे घडते आहे ते चांगलेच आहे, असे म्हणाला. आणि थोड्या वेळाने, गावाकडचे आपले ग्रंथालय जाळल्याचेही सांगितले. मायकोव्हस्कीच्या मते ब्लोकला या दोहोंपैकी एकाची निवड करता आली नाही. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. दोन्ही विधाने ब्लोकने एकाच भेटीत केली होती, आणि ‘बारा’चा तुटक, अनेक आवाजांचा बंध तिथूनच आला असावा.

१९२१ मध्ये शाखमातोवोचे उरलेले घरही जळाले. उपचारांसाठी परदेशी जाण्याची परवानगी फार उशिरा मिळाली आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला पेत्रोग्रादमध्ये ब्लोक वारला. पुढच्याच वर्षी त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. ते लिहिले होते मारिया बेकेतोवाने, त्याच्या धाकट्या मावशीने.