ट्रान्समिशन कूलर
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा छोटा रेडिएटर. ट्रेलर ओढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल फार तापते. करपलेले तेल क्लचच्या चकत्या लवकर संपवते. मूळ कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीतच असतो. 2005 ते 2010 दरम्यानच्या निसान पाथफाइंडरमध्ये तो फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरल्याच्या तक्रारी अमेरिकेत गाजल्या. ट्रक-एसयूव्हीला जादा कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे, पट्ट्यांवर बसवतात. कंडेन्सरच्या पत्र्यांतून प्लॅस्टिकचे बंध ओवून तो टांगणे हा निव्वळ जुगाड, कारण हादऱ्यांनी घासून कंडेन्सरच गळू लागतो. रेडिएटरमधून निघालेले तेल यात यावे म्हणून तो परतीच्या नळीत जोडतात. साधा पाण्याचा होज चालत नाही, तेलाला टिकणाराच लागतो. मग इंजिन चालू करून गळती पाहतात आणि कमी पडलेले तेल भरतात.