तळटीप : प्रथिनाची अतिनिर्मिती आणि पेशीची वाढ

१. आयपीटीजी हे परक्या जनुकाला चालना देणारे रसायन घातल्यावर ई. कोलाय जिवाणूंची वाढ मंदावली, असे वर म्हटले आहे. स्टुडिअर व मोफट यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतून मांडलेल्या, जिवाणूंकडून परके प्रथिन बनवून घेण्याच्या या पद्धतीत टी-७ विषाणूचे आरएनए पॉलिमरेझ वापरतात. ते जिवाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेझपेक्षा सुमारे पाचपट वेगाने चालते. त्यामुळे परक्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएचा पूर येतो, बरेचसे रायबोसोम त्यातच गुंततात आणि पेशीला स्वतःची प्रथिने पुरेशी बनवता येत नाहीत. हवे ते प्रथिन काही तासांत एकूण प्रथिनांच्या निम्म्यावर जाऊ शकते. पण पेशीविभाजन खुंटते. घडी नीट न पडलेल्या प्रथिनाचे अविद्राव्य पुंज साचतात. पेशीपटलात बसणारी प्रथिने तर अनेकदा घातकच ठरतात. १९९६ मध्ये मिरू व वॉकर यांनी केंब्रिजमध्ये या ताणातही तगणारे सी-४१ आणि सी-४३ हे वाण निवडून काढले. त्यांच्यात टी-७ पॉलिमरेझच कमी बनते, हे पुढे उलगडले. म्हणून भरपूर आणि कार्यक्षम प्रथिन हवे असेल, तर विद्यार्थ्यांनी आधी वेग आवरावा : तापमान उतरवावे, आयपीटीजी बेताने घालावे. — संपादक